चालू दप्तराचे स्थलांतर : रेप्लिकेशनच्या साहाय्याने डेटाबेस सर्व्हरचा आवृत्तिबदल

१. प्रास्ताविक

भारतातील भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास वर्धा जिल्ह्याचे नाव त्याच्या पहिल्याच पानावर घालावे लागेल. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण अर्थसाहाय्याची एक पथदर्शी योजना हाती घेतली आणि तीसाठी देशातील आठ जिल्हे निवडले. रंगारेड्डी, सोनितपूर, सिंगभूम, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज व डुंगरपूर या सात जिल्ह्यांच्या जोडीला महाराष्ट्रातून जो एक जिल्हा घेण्यात आला तो वर्धा होय. त्यानंतरच्या काळात यंत्रे बदलली, लिपीची संकेतने बदलली, डेटाबेसच्या आज्ञावली बदलल्या. २००८ साली राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात ई-फेरफाराची पद्धती रूढ झाली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळू लागला. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. जमिनीवरील हक्क यंत्राहून दीर्घायुषी असतो. यंत्राचे आयुष्य पाचसात वर्षांचे, तर हक्काचे आयुष्य पिढ्यांचे. म्हणून ज्या कार्यालयात हक्कांची नोंद ठेवावयाची, तेथे यंत्रबदलाचा प्रसंग पुनःपुन्हा येणार हे गृहीतच धरले पाहिजे.

प्रश्न असा की, हा बदल करताना दप्तर किती वेळ बंद ठेवावे? जून महिन्यात पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा मागावयास आलेल्या आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर बंद आहे, परवा या’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो विलंब केवळ कारकुनी राहत नाही. पावसाचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र शासनाला विशेष साहाय्य जाहीर करावे लागले, त्यांत वर्धाही होता, हे येथे विसरून चालणार नाही. परंतु घाईने केलेल्या बदलात एखादा फेरफार गहाळ झाला, तर त्याचे परिणाम दोन दिवसांच्या विलंबाहून कितीतरी गंभीर होतील. सेवा अखंड ठेवणे आणि नोंद अचूक ठेवणे या दोन मागण्या वरवर परस्परविरोधी दिसतात. रेप्लिकेशनच्या तंत्राने त्यांचा मेळ कसा घालता येतो, आणि कोणत्या अटींवर घालता येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एका जिल्ह्याचे दप्तर कल्पून घेतले आहे. त्यातील आकडे उदाहरणादाखल आहेत.

२. फेरफार आणि सातबारा

महसुली दप्तराशी परिचय असलेल्या वाचकास डेटाबेसची अंतर्रचना समजावयास फारसे सायास पडू नयेत. गावच्या दप्तरात हक्काची नोंद दोन रूपांत असते. गाव नमुना सात व बारा यांत जमिनीची आजची स्थिती दिसते : भोगवटादार कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, पीक कोणते. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तीत स्थिती नसते, स्थितीत झालेले बदल असतात, आणि त्या बदलांना अनुक्रमांक असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने (ज्याला आपल्या भागात लोक अद्यापि पटवारी म्हणतात) प्रथम फेरफार नोंदवावयाचा, हितसंबंधीयांस सूचना द्यावयाची, हरकती आल्यास त्या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाच्या, आणि नोंद प्रमाणित झाल्यानंतरच सातबारा बदलावयाचा, असा क्रम आहे.

डेटाबेस सर्व्हरमध्ये नेमकी हीच व्यवस्था आढळते. तेथील सारण्या म्हणजे सातबारा. आणि प्रत्येक बदल सारणीत उतरण्यापूर्वी ज्या अखंड वहीत लिहिला जातो ती वही म्हणजे लॉग. ‘आधी लॉग, मग सारणी’ हा नियम सर्व्हर काटेकोरपणे पाळतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी लॉग वाचून सारणी पूर्ववत् करता येते. फेरफार प्रमाणित होणे यास डेटाबेसच्या भाषेत ‘कमिट’ म्हणतात. कमिट न झालेला बदल हा बदलच नव्हे.

यातून एक साधा, परंतु फलदायी सिद्धांत निघतो. दोन दप्तरे प्रारंभी सर्वथा समान असतील, आणि दोहोंवर तेच बदल त्याच क्रमाने केले जातील, तर अखेरीसही ती समानच राहतील. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, परस्परांपासून दूर असलेल्या यंत्रांमध्ये घटनांचा क्रम कसा ठरवावा याचा जो विचार मांडला, त्यात या सिद्धांताचे मूळ सापडते. यातील ‘त्याच क्रमाने’ ही अट शोभेची नाही. वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस-नोंद, नंतर भावांची वाटणी, नंतर एका भावाने केलेली विक्री, हे तीन फेरफार उलट क्रमाने लावू पाहिल्यास विकणाऱ्याच्या नावे विकावयास जमीनच उरत नाही.

दुसरी अट तितकीच महत्त्वाची आहे. बदलाचे वर्णन निःसंदिग्ध असले पाहिजे. ‘या नोंदीस आत्ताची वेळ लावा’ अशी आज्ञा दोन यंत्रांवर दोन क्षणी अमलात आली, तर दोन निराळी उत्तरे येतील. म्हणून आज्ञा पाठविण्याऐवजी आज्ञेचे फळ पाठविणे, म्हणजे कोणत्या ओळीत कोणते मूल्य आले ते पाठविणे, अधिक सुरक्षित ठरते.

३. जुनी रीत व तिचा हिशेब

डेटाबेसच्या मुख्य आवृत्त्या ठरावीक काळाने कालबाह्य होतात. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसची नवी मुख्य आवृत्ती सामान्यतः दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीस पाच वर्षे आधार मिळतो. त्यानंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. नवी आवृत्ती आपल्या फायली अंतर्गत रचनेत जुनीहून भिन्न ठेवू शकते. म्हणून जुन्या फायली नुसत्या उचलून नव्या आवृत्तीपुढे ठेवता येत नाहीत.

सर्वांत जुनी व सोपी रीत अशी : काम बंद करावे, सर्व मजकूर एका फायलीत उतरवून घ्यावा, नव्या सर्व्हरवर तो भरावा, इंडेक्स पुन्हा बांधावेत, आणि काम सुरू करावे. आपल्या कल्पित दप्तराचा आकार ६०० गिगाबाइट आणि वाचनाचा वेग सेकंदाला ५० मेगाबाइट धरल्यास केवळ उतरवून घेण्यास १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे लागतील. भरणे व इंडेक्स बांधणे यांस त्याच्या दुप्पट वेळ धरला, तर एकूण १० तास होतात. पडताळणी निराळीच. या हिशेबातील दोष असा की, बंद ठेवण्याचा काळ दप्तराच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो. दप्तर दुप्पट झाले की बंदही दुप्पट. अभिलेखांचे दप्तर तर वाढतच जावयाचे.

दुसरा मार्ग फायली जागच्या जागी ठेवून केवळ त्यांचे अंतर्गत कोष्टक नव्या रूपात लिहिण्याचा आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन २०१० सालच्या ९.० आवृत्तीपासून मूळ वितरणासोबत मिळू लागले. फायलींच्या प्रती न काढता त्या जोडून घेण्याच्या पद्धतीने त्याचे काम काही मिनिटांत उरकते. परंतु नवा सर्व्हर त्या फायलींवर एकदा सुरू झाला की जुना सर्व्हर पुन्हा सुरक्षितपणे चालविता येत नाही. दोष दुसऱ्या दिवशी उघडकीस आला, तर मागे फिरावयास बॅकअपखेरीज वाट नाही, आणि बॅकअपमध्ये त्या दिवसाचे व्यवहार नसतात. वेग मिळतो, पण परतीचा रस्ता जातो.

४. रेप्लिकेशनचे दोन प्रकार

रेप्लिकेशन म्हणजे एका सर्व्हरवरील बदल दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवीत राहणे. त्याचे दोन प्रकार असून त्यांतील भेद आपल्या विषयात निर्णायक आहे.

पहिला प्रकार भौतिक. यात लॉगमधील मजकूर बाइटन्बाइट पाठविला जातो. नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स काढावी तसे हे आहे. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० मध्ये सतत प्रवाहाच्या रूपात आली. ही प्रत अत्यंत विश्वासार्ह असते. परंतु पानाची रचनाच जशीच्या तशी येत असल्याने दोन्ही बाजूंस मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. यंत्र बदलावयाचे असेल तर ही पद्धती उत्तम. आवृत्ती बदलण्यास ती एकटी पुरी पडत नाही.

दुसरा प्रकार तार्किक, ज्यास व्यवहारात लॉजिकल रेप्लिकेशन म्हणतात. येथे पानाची झेरॉक्स जात नाही. एका कारकुनाने फेरफार मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने आपल्या वहीत आपल्या पद्धतीने लिहून घ्यावा, तसे घडते. ‘अमुक सारणीतील अमुक ओळीत अमुक मूल्य आले’ एवढाच निरोप जातो. दुसऱ्या वहीचे रकाने निराळ्या मापाचे असले तरी बिघडत नाही. म्हणूनच भिन्न आवृत्तींचे दोन सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. शिवाय बदल पाठविले जातात ते कमिटच्या क्रमाने. फेरफारास क्रमांक आधी पडला, पण तो प्रमाणित नंतर झाला, असे दप्तरात नेहमीच होते. तेथे प्रमाणित होण्याचा क्रम महत्त्वाचा, तद्वत् येथेही.

ही कल्पना एका दिवसात परिपक्व झाली नाही. २००४ साली आलेली स्लोनी ही प्रणाली प्रत्येक सारणीवर ट्रिगर बसवून बदल टिपत असे. त्यामुळे मूळ सर्व्हरवर बोजा पडे. २०१४ मध्ये पोस्टग्रेस ९.४ ने लॉगच वाचून त्यातून ओळींचे बदल काढण्याची सोय केली, आणि २०१७ मध्ये आवृत्ती १० पासून प्रकाशक व वर्गणीदार या रूपात लॉजिकल रेप्लिकेशन मूळ प्रणालीतच अंतर्भूत झाले. मायएसक्यूएलमध्येही जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरमागे लगतच्या पुढील आवृत्तीचा सर्व्हर चालविता येतो. परंतु उलट दिशेस, नव्याकडून जुन्याकडे, त्याची हमी दिली जात नाही. हा भेद पुढे परतीच्या वाटेचा विचार करताना उपयोगी पडेल.

५. पूर्वतयारी व प्रथम प्रत

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. पुढील विवेचन पोस्टग्रेसला अनुसरून केले आहे.

प्रथम प्रत्येक सारणीस प्राथमिक किल्ली आहे की नाही ते पाहावे. ‘अमुक ओळ बदलली’ हा निरोप पोचल्यावर ती ओळ कोणती हे नव्या सर्व्हरला ओळखता आले पाहिजे. केवळ खातेदाराच्या नावावरून ओळख पटत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असणे मुळीच दुर्मीळ नाही. गाव, भूमापन क्रमांक व उपविभाग मिळूनच जमिनीची ओळख पूर्ण होते. जुन्या दप्तरात किल्ली नसलेल्या काही सारण्या हटकून निघतात. त्यांचा शोध आरंभीच घेणे हिताचे.

त्यानंतर नव्या सर्व्हरवर सारण्यांचा रिकामा सांगाडा उभारावा. सांगाड्यातील बदल, उदाहरणार्थ नवा रकाना घालणे, हे लॉजिकल रेप्लिकेशनमधून आपोआप जात नाहीत. म्हणून काम पुरे होईपर्यंत रचनेत कोणताही बदल करू नये असा स्पष्ट आदेश निघाला पाहिजे.

पुढील पायरी नाजूक आहे. चालू दप्तराची प्रत काढावयाची, आणि प्रत निघेपर्यंत लोक दप्तरात लिहीतच राहणार. प्रत जर आता एक पान, थोड्या वेळाने दुसरे पान अशी काढली, तर एका पानावर विक्रीपूर्वीची व दुसऱ्या पानावर विक्रीनंतरची स्थिती येऊन जमीन दोघांच्याही नावे दिसेल, किंवा कोणाच्याच नावे दिसणार नाही. यावर उपाय असा की, सर्व्हर एका विशिष्ट क्षणाचे स्थिर चित्र धरून ठेवतो आणि सर्व सारण्या त्या एकाच चित्रातून उतरविता येतात. त्याच क्षणी लॉगमधील स्थानांकावर एक खूण ठेवली जाते. तिला स्लॉट म्हणतात. चित्र खुणेपर्यंतचे, आणि लॉग खुणेपासून पुढचा. दोहोंचा सांधा अचूक जुळला, तर एकही बदल गळत नाही आणि एकही दोनदा लागत नाही. पोस्टग्रेस स्वतः प्रत काढतो तेव्हा तो प्रत्येक सारणीसाठी हा सांधा निराळा जुळवितो आणि मगच तिला सामाईक प्रवाहात सामील करून घेतो.

स्लॉटचा एक धोका ध्यानात ठेवावा. नवा सर्व्हर वाचन करीत नाही तोवर जुना सर्व्हर खुणेपासून पुढचा लॉग फेकून देत नाही. नवा सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी बंद पडला व कोणाच्या लक्षात आले नाही, तर सोमवारपर्यंत साठलेल्या लॉगने जुन्या सर्व्हरची डिस्क भरू शकते, आणि ज्याची सेवा अखंड ठेवावयाची तोच बंद पडतो. २०२० मधील आवृत्ती १३ पासून या साठ्यास मर्यादा घालता येते. परंतु मर्यादा ओलांडल्यास स्लॉट निकामी होऊन प्रथम प्रतीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. तेव्हा डिस्कवर माणसाची नजर हवीच.

६. थकबाकीचे गणित

प्रथम प्रत निघण्यास १० तास लागले असे मानू. या काळात जुन्या सर्व्हरवर सेकंदाला २० बदल होत असतील, तर ७,२०,००० बदलांची थकबाकी साठेल. नवा सर्व्हर सेकंदाला १०० बदल लावू शकतो असे धरू. परंतु थकबाकी फेडीत असतानाही २० नवे बदल येतच राहतात. म्हणून प्रत्यक्ष फेड सेकंदाला ८० ची. अर्थात् ९,००० सेकंदांत, म्हणजे अडीच तासांत, नवा सर्व्हर जुन्यास गाठील. सूत्ररूपाने सांगावयाचे तर, बदलांचा वेग अ, लावण्याचा वेग ब आणि प्रतीचा काळ क असता, गाठण्याचा काळ अ गुणिले क, भागिले ब वजा अ, इतका येतो. ब हा अ पेक्षा मोठा नसेल तर नवा सर्व्हर जुन्यास कधीच गाठणार नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या व्यवस्थेत, जेथे हंगामात असंख्य शेतकरी आपापल्या मोबाइलवरून नोंदी करतात, अ ची किंमत हंगामी उसळी घेते. म्हणून मोजणी सरासरी दिवसाची न घेता गर्दीच्या दिवसाची घ्यावी.

येथे मुख्य मुद्दा हाती येतो. या साडेबारा तासांत दप्तर एक क्षणही बंद नव्हते. दप्तराच्या आकाराने जो वेळ खाल्ला तो पडद्यामागे गेला. आता बंद ठेवावयाचे ते केवळ उरलेली थकबाकी शून्यावर आणण्यापुरते, आणि ती काही सेकंदांची आहे. बंदचा काळ दप्तराच्या आकारापासून सुटला, हेच रेप्लिकेशनचे खरे देणे होय.

७. बदलीची घटिका

नवा सर्व्हर बरोबरीने चालू लागला म्हणून लगेच बदली करू नये. काही दिवस तो तसाच मागोमाग चालू द्यावा आणि त्या काळात पडताळणी करावी. गाववार ओळींची संख्या, गाववार एकूण क्षेत्राची बेरीज, आणि ओळींच्या मजकुरावरून काढलेली तपासणी-संख्या ही तिन्ही दोन्ही सर्व्हरांवर जुळली पाहिजेत. संख्या जुळून बेरीज न जुळणे शक्य आहे, आणि बेरीज जुळून नावे न जुळणेही शक्य आहे. तसेच, प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधावे हे सर्व्हर ज्या आकडेवारीवरून ठरवितो ती आकडेवारी ओळींबरोबर येत नाही. ती नव्या सर्व्हरवर नव्याने गोळा करावी लागते. हे विसरल्यास बदलीनंतर पहिल्याच सकाळी साधा सातबारा निघावयास मिनिटे लागतात आणि दोष मात्र नव्या आवृत्तीस दिला जातो.

प्रत्यक्ष बदलीचा क्रम असा : जुन्या सर्व्हरवरील लेखन थांबवावे व चालू व्यवहार संपू द्यावेत (३० सेकंद), दोन्हीकडील स्थानांक जुळेपर्यंत थांबावे (१० सेकंद), अनुक्रमांकांचे गणक पुढे सरकवावेत (२० सेकंद), ठरलेल्या तपासण्या कराव्यात (२ मिनिटे), सर्व अर्जप्रणाली नव्या सर्व्हरकडे वळवाव्यात (१ मिनिट). एकूण ४ मिनिटे.

यातील अनुक्रमांकाची पायरी नवशिके हमखास चुकतात. पोस्टग्रेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये आवृत्ती १० पासून पुढील अनेक आवृत्त्यांत सारणीतील ओळी जातात, परंतु पुढचा क्रमांक काय द्यावयाचा हे सांगणारा गणक जात नाही. नव्या सर्व्हरवर १,८४२ पर्यंतचे फेरफार बिनचूक दिसतात, आणि पहिला नवा फेरफार घालू जाता गणक त्यास १ हा क्रमांक देतो. किल्ली असेल तर नोंद नाकारली जाते. नसेल तर एकाच क्रमांकाचे दोन फेरफार तयार होतात, आणि ही आपत्ती पहिलीहून वाईट.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चार मिनिटे बंद राहते ते लेखन. वाचन बंद ठेवण्याचे कारण नाही. जुना सर्व्हर त्या काळात सातबाऱ्याच्या प्रती देतच राहू शकतो, कारण ज्यात कोणी लिहीत नाही त्या दप्तराची प्रत खोटी ठरू शकत नाही. तहसील कार्यालयात रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास बदली झाल्याचे कळूही नये.

८. परतीची वाट

नव्या आवृत्तीचे काही दोष प्रत्यक्ष कामाच्या दडपणाखालीच प्रकट होतात. म्हणून जुन्याकडून नव्याकडे जाणारा प्रवाह तोडल्यानंतर, आणि नव्या सर्व्हरवर पहिली नोंद पडण्यापूर्वी, नव्याकडून जुन्याकडे उलटा प्रवाह जोडावा. प्रथम प्रतीची आता गरज नसते, कारण त्या क्षणी दोन्ही दप्तरे समान असतात. यापुढे नव्यावर होणारा प्रत्येक फेरफार जुन्यावरही उतरत राहील. तीन दिवसांनी मागे फिरावे लागले, तरी त्या तीन दिवसांतील एकही व्यवहार गमवावा लागणार नाही. तीच चार मिनिटांची बदली उलट दिशेने करावयाची, गणकांसह. पोस्टग्रेसमध्ये ही सोय साधते. मायएसक्यूएलमध्ये उलट दिशेची हमी नसल्याने परतीचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. आधी वर्णिलेल्या जागच्या जागी बदलाच्या पद्धतीहून ही पद्धती श्रेष्ठ ठरते ती वेगामुळे नव्हे, तर या परतीच्या वाटेमुळे.

९. दोन धोके

सर्वांत गंभीर धोका म्हणजे दप्तर दुभंगणे. एखाद्या तालुक्याच्या यंत्रात जुन्या सर्व्हरचा पत्ता तसाच राहून गेला, आणि बदलीनंतरही त्या यंत्रावरून जुन्यावर नोंदी होत राहिल्या, तर एकाच जमिनीचे दोन इतिहास सुरू होतात. एका वहीत ती अ ने विकत घेतलेली, दुसरीत ब ने. दोन्ही फेरफार आपापल्या जागी नियमाप्रमाणे प्रमाणित झालेले. असे झाल्यावर कोणतीही आज्ञावली खरे कोणते ते सांगू शकत नाही. तो प्रश्न यंत्राकडून न्यायालयाकडे जातो. म्हणून ‘सर्वांना कळविले आहे’ यावर विसंबू नये. जुन्या सर्व्हरवरील लेखनाचा अधिकारच काढून घ्यावा, आणि तो केवळ उलट्या प्रवाहापुरता राखावा. कोणत्याही क्षणी लिहिण्याचा अधिकार एकाच वहीस, हा नियम या सबंध पद्धतीचा कणा आहे.

दुसरा धोका आपल्या लिपीशी निगडित आहे. नावांचा अकारविल्हे क्रम सर्व्हर बहुधा कार्यकारी प्रणालीच्या ग्रंथालयावरून ठरवितो. २०१८ साली लिनक्सवरील या ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स भौतिक प्रतीतून नव्या प्रणालीवर गेला, तर ओळ सारणीत असूनही शोधात सापडत नाही. लॉजिकल पद्धतीत इंडेक्स नव्या जागी नव्याने बांधला जात असल्याने हा दोष टळतो. परंतु ती पद्धती मजकुराची शुद्धी करीत नाही. ‘वऱ्हाडे’ या नावातील ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांस सारखी दिसणारी ही नावे यंत्रास भिन्न वाटतात. १९९१ सालच्या इस्की मानकातून किंवा जुन्या फाँटांतून आलेल्या मजकुरात असे प्रश्न अनेक निघतात. त्यांचे निराकरण अवश्य करावे, पण त्याच रात्री करू नये. आवृत्तिबदलाच्या आधी व नंतर दप्तर अक्षरशः समान असणे हाच पडताळणीचा आधार आहे. मजकूरही बदलला तर तो आधार नाहीसा होतो.

१०. उपसंहार

ही पद्धती सर्वत्र वापरावी असा आग्रह नाही. दप्तर लहान असेल, रात्री एक तास बंद ठेवणे चालण्याजोगे असेल, तर उतरवून घेऊन पुन्हा भरण्याची जुनी रीतच शहाणपणाची. कारण तीत चुकण्याच्या जागा कमी. तंत्रही स्थिर राहिलेले नाही. २०२४ मधील आवृत्ती १७ ने भौतिक प्रतीचे रूपांतर लॉजिकल वर्गणीदारात करण्याचे साधन दिले आहे. त्यामुळे मोठ्या दप्तराच्या प्रथम प्रतीचा काळ पुढील आवृत्तिबदलांत बराच घटू शकेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्यासाठी जिल्ह्याचे दप्तर लागत नाही. एका संगणकावर दोन आवृत्तींचे दोन सर्व्हर चालविता येतात. प्रथम प्रत निघत असता मुद्दाम बदल करीत राहावे, नवा सर्व्हर मध्येच बंद करून लॉग साठताना पाहावा, गणक सरकविण्यास जाणूनबुजून विसरावे, आणि काय घडते ते टिपून ठेवावे. बदलीच्या चार मिनिटांत जे सुरळीत पार पडते, ते अशा आठवड्यांच्या तालमीमुळेच पार पडते.

नव्या सर्व्हरचा वेग किंवा त्याची किंमत यांवर आवृत्तिबदलाचे यश मोजले जाऊ नये. बदलीपूर्वी ज्या शेतकऱ्याच्या नावे जेवढी जमीन होती, बदलीनंतरही त्याच्याच नावे तेवढीच राहिली, मधल्या काळातील त्याचा फेरफार गळला नाही, आणि त्यासाठी त्यास दुसरा हेलपाटा पडला नाही, एवढे साधले म्हणजे यंत्राने आपले काम केले असे म्हणता येईल.